जवसाचा पैसा, दगडाचे संत

सें-तेगोनेक हे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात, मोर्ले शहराजवळचं गाव. वस्ती दोन-तीन हजारांची. एखादी बेकरी, कॅफे, गावाबाहेर मक्याची शेतं आणि गुरांची कुरणं. गावाच्या मधोमध मात्र 1587 साली बांधायला घेतलेली एक भक्कम दगडी वेस आहे आणि तिच्या आत चर्च, अस्थिगृह आणि कोरीव मूर्तींनी लगडलेला क्रूसस्तंभ अशी दाटी आहे. क्रूसस्तंभ 1610 चा, अस्थिगृह 1676 ते 1682 मधलं, चर्चमधलं लाकडी कोरीव व्यासपीठ 1683 चं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं हे गाव बांधतच होतं.

इथे राजा राहत नव्हता, बिशपही राहत नव्हता. मग पैसा कोणाचा?

ब्रिटनीच्या आतल्या मुलखात फिरताना हा प्रश्न खिशात ठेवावा. बहुतेक पर्यटक किनाऱ्यालाच फिरतात. दीपगृहं, खडक, भरती-ओहोटी, कालवं खायची आणि परतायचं. किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर आत जो डोंगराळ, झाडीचा, बांधाबांधांचा प्रदेश आहे तिकडे फारसं कोणी वळत नाही. इथे व्हर्सायसारखा राजवाडा नाही. जे आहे ते बहुतेक गावांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं आहे. त्यामुळे ते विखुरलेलं आहे, अनेकदा पाट्यांवरही धड सापडत नाही, आणि ते कोणी, कशाच्या जोरावर उभं केलं हे कळल्याशिवाय अर्धंच दिसतं.

सें-तेगोनेकच्या बाबतीत उत्तर आहे जवस. आपण जवसाची चटणी खातो. लेओं या भागातले शेतकरी त्याच झाडाच्या दांड्यांपासून लिनन काढत. बी बाल्टिक समुद्राकडून जहाजांनी रोस्कोफ बंदरात उतरायचं. पीक आलं की दांडे कुजवायचे, झोडपायचे, धागा सुटा करायचा, सूत कातायचं. इथली खास रीत अशी की विणलेलं कापड धुऊन पांढरं करण्याऐवजी सूतच आधी पांढरं करत. ओढ्याकाठी त्यासाठी छोट्या दगडी इमारती असत. त्यांना कान्दी म्हणत. आत दगडी हौद आणि मोठी चूल. राखेच्या पाण्यात सूत पुन्हापुन्हा उकळायचं, वाहत्या पाण्यात खळबळायचं, कुरणावर वाळत घालायचं. अशा कान्द्यांचे अवशेष या भागात आजही ओढ्याच्या वळणावळणाला झुडपांत सापडतात. भिंतीवर आयव्ही चढलेली, हौदात पाला. माझ्या मते चर्च पाहण्याआधी एखादी कान्दी पाहावी.

तयार कापड मोर्लेच्या बाजारातून इंग्लंडला आणि स्पेनला जायचं. या व्यापारातून शेतकऱ्यांमधूनच व्यापाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला. त्यांना झ्युलोद म्हणत. हातात रोकड, अंगावर उत्तम कापड, सोयरीक आपापसातच. तरी राहायचे शेतावर आणि बोलायचे ब्रेतों ही इथली भाषा. सरदारांसारखे किल्ले बांधण्याचा त्यांना ना हक्क होता ना हौस. पैसा गेला गावच्या चर्चकडे. प्रत्येक चर्चचा हिशोब गावातल्या प्रतिष्ठितांची एक समिती पाहायची. देणग्या, मृत्युपत्रांतून आलेल्या जमिनी, त्यांचा खंड हे सगळं तिच्या हातात. गवंडी, सुतार, मूर्तिकार यांच्याशी करार तीच करायची. आणि शेजारच्या गावाने काय बांधलं यावर तिची बारीक नजर असायची.

शेजारी होतं गिमिलियो. तिथला क्रूसस्तंभ 1581 ते 1588 मध्ये झाला आणि त्यावर दोनशेच्या आसपास आकृत्या आहेत. पलीकडे लांपोल-गिमिलियो, तिथे चर्चच्या आतलं रंगीत लाकूडकाम डोळे दिपवतं. ही तिन्ही गावं सायकलवरून एका दिवसात होतात. चढउतार आहेत, पण जीवघेणे नाहीत. एकामागून एक पाहिली की गावागावांतली चुरस कोणी सांगायची गरज राहत नाही.

गिमिलियोच्या क्रूसस्तंभापाशी मात्र घाई करू नये. दगड केर्सांतों, ब्रेस्तच्या खाडीकाठचा. काळपट, बारीक पोताचा, छिन्नीला वश होणारा, आणि चारशे वर्षांच्या पावसालाही दाद न देणारा. म्हणून तर नाकडोळे, बोटं, झग्यांच्या चुण्या अजून शाबूत आहेत. येशूचं आयुष्य चारी बाजूंनी कोरलंय, पण त्याला पकडून नेणारे शिपाई सोळाव्या शतकातल्या पोशाखात आहेत. गावकऱ्यांनी रोमन शिपाई कुठे पाहिला होता? त्यांना छळणारे शिपाई त्यांनी पाहिले होते, ते कोरले. एका कोपऱ्यात नरकाचा जबडा उघडा आहे आणि राक्षस एका उघड्या बाईला आत ओढताहेत. ही कातेल. दंतकथेत ती नाचाच्या नादी लागलेली, आपलं पाप पाद्र्यापुढे कबूल न केलेली पोरगी. गावातल्या तरुण मुलींना धाक घालायला तिचा चांगलाच उपयोग झाला असणार. तिकडे सें-तेगोनेकच्या स्तंभाखाली, कोनाड्यात, गावचा संत गाडीसकट उभा आहे आणि गाडीला लांडगा जुंपलाय. चर्चसाठी दगड ओढणारं संताचं जनावर लांडग्याने खाल्लं, तेव्हा संताने लांडग्यालाच जू घातलं, अशी कथा.

अस्थिगृहाचं कारण अगदी व्यावहारिक आहे. चर्चभोवतीची दफनभूमी लहान, मरणारे पुष्कळ. जागा करायची तर जुनी हाडं काढून कुठेतरी ठेवायला हवीत. पण या सोयीतून ब्रेतों लोकांनी मृत्यूशी एक वेगळीच सलगी केली. इथे मृत्यूला नाव आहे, आंकू. सांगाड्याच्या रूपात, हातात बाण, भाला किंवा विळा घेतलेला. ला रोश-मोरिसच्या अस्थिगृहावर तो कोरलेला आहे आणि शेजारच्या मजकुरात सगळ्यांना मारण्याची हमी देतो. आनातोल ल ब्राझ या लेखकाने आंकूच्या आणि मृतात्म्यांच्या कथा खेड्यापाड्यांतून गोळा करून 1893 साली पुस्तक काढलं. ब्रिटनीच्या लोककथांत रस असेल त्याने ते शोधावंच.

मग हे सगळं थांबलं कसं? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच अर्थमंत्री कोलबेरने इंग्लिश मालावर जबर जकात बसवली, इंग्लंडने उलट फ्रेंच मालाची वाट अडवली, आणि 1688 नंतरच्या युद्धांनी इंग्लंडचं गिऱ्हाईक जवळजवळ तुटलंच. पुढे सुती कापड आलं. झ्युलोद उरले, पैसा आटला. याचा एक फायदा आज आपल्याला होतो: ज्या गावांकडे पैसा राहिला असता त्यांनी पुढच्या शतकांत जुनं पाडून नव्या फॅशनचं बांधलं असतं. इथे पाडायलाही पैसा नव्हता.

चर्चच्या घंटेचा मनोरा म्हणजे गावाची इज्जत, हे राज्यकर्त्यांनाही नीट ठाऊक होतं. 1675 साली मुद्रांक कागद आणि तंबाखूवरच्या करांविरुद्ध ब्रिटनीत बंड झालं. ते मोडून काढल्यावर दक्षिणेकडच्या बिगुदां भागातल्या काही चर्चचे मनोरे गव्हर्नरच्या हुकमाने छाटले गेले. माणसं फासावर दिलीच, वर गावांचीही मुंडकी उडवली. पों-लाबे गावात लांबूरचं चर्च आज छप्पर नसलेल्या अवस्थेत उभं आहे, मनोरा तसाच थोटा.

आता थोडं प्रवासाचं. पॅरिसहून रेनपर्यंत वेगवान गाडीने दीड तास, पण पुढे आतल्या मुलखात आगगाडी आणि बस यांच्या भरवशावर राहिलात तर दिवसाला एखादंच गाव होईल. गाडी भाड्याने घ्यावी. ब्रिटनीतल्या चौपदरी रस्त्यांवर टोल नाही, ही फ्रान्समध्ये दुर्मीळ सवलत. दुपारी बारा ते दोन सगळं बंद असतं. त्या वेळी गालेत खावी. ही पातळ, कुरकुरीत, खारी धिरडी ज्या पिठाची, ते म्हणजे आपल्या उत्तरेकडे उपासाला खातात ते कुट्टू. निकस, आंबट जमिनीत तीनेक महिन्यांत येणारं हे पीक म्हणजे गरीब ब्रिटनीचा शतकानुशतकांचा आधार. लहान चॅपेलं पुष्कळदा कुलूपबंद असतात. दारावर चिठ्ठी असेल तर किल्ली कोणत्या घरी मिळेल ते लिहिलेलं असतं. बिचकू नये, दार वाजवावं.

अशाच एका चॅपेलसाठी ल फावेतला जायला हवं. गावापासून थोडं दूर सें-फियाक्र नावाची वाडी आहे. तिथल्या चॅपेलमध्ये भाविकांची जागा आणि वेदी यांच्यामध्ये लाकडाचा एक कोरीव, रंगवलेला पडदा आहे. ओलिव्हिए लोएर्गां या कारागिराने तो 1480 साली केला. असे पडदे एके काळी युरोपभर होते. सोळाव्या शतकात चर्चनेच ठरवलं की लोकांना वेदी दिसली पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ते काढून टाकले गेले. ब्रिटनीच्या आडवाटेच्या चॅपेलांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. लोकांच्या बाजूने पाहिलं तर क्रूसावरचा येशू, आदम-ईव्ह, देवदूत असं रीतसर आहे. गंमत पलीकडे जाऊन पाहण्यात आहे. मागच्या बाजूला पापं कोरली आहेत. चोर झाडावरची फळं तोडतोय. दारूडा चक्क कोल्हा ओकतोय. आळसासाठी कारागिराने निवडलाय वादक. गवयाला आळशी ठरवणारा हा न्याय कोणाचा, कोण जाणे. आणि ही सगळी पापं ज्या बाजूला आहेत, ती बाजू पाद्र्यांची.

ल फावेतचंच दुसरं चॅपेल सेंत-बार्ब, एल्ले नदीच्या दरीवर कड्याच्या कपारीत अडकवल्यासारखं. जागा इतकी चिंचोळी की इमारत नेहमीसारखी लांबोळी करताच आली नाही. शिकारीला गेलेला एक सरदार वादळात सापडला, वीज आणि कोसळणारे दगड यांतून वाचण्यासाठी त्याने संत बार्बराला नवस बोलला, आणि 1489 मध्ये काम सुरू झालं अशी कथा. विजेपासून राखणारी संत तीच. वर घंटा आहे आणि येणारा प्रत्येक जण ती वाजवतो.

पूर्वेकडे गेएनोची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. तिथला 1550 चा क्रूसस्तंभ फ्रेंच क्रांतीत, 1794 साली, फोडला गेला. साठेक वर्षांनी गावच्या पाद्र्याने तो पुन्हा उभारायचं ठरवलं. मूर्तिकाराने सांगितलेली रक्कम गावाला झेपणारी नव्हती. तेव्हा पाद्री आणि त्याचा मदतनीस यांनी स्वतःच छिन्नी हातात घेतली आणि 1853 मध्ये काम पुरं केलं. त्यांचा हात कुठे लागला ते ओळखायला कलासमीक्षक असावं लागत नाही. त्यांची माणसं जरा ठोकळेबाज आहेत, डोळे मोठे, आणि जुन्या मूर्तींशेजारी ती बिनदिक्कत उभी आहेत. जवळच जोसलांचा रोआं घराण्याचा किल्ला आहे. नदीत पाय बुडवून उभे असल्यासारखे तीन बुरूज. त्याची चित्रं सगळीकडे छापलेली असतात, तेव्हा इथे एवढंच पुरे.

माणसाच्या हाताचं पुष्कळ झालं की मोंद’आरेच्या टेकड्यांकडे वळावं. उंची जेमतेम 385 मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या हिशोबात पायथाही नाही. पण झाड नसलेला माळ, वारा, आणि डोक्याला लागेल असा ढग, यामुळे उंचीचा विसर पडतो. पूर्वेच्या उतारावर उएलगोआतचं जंगल आहे. ओढ्यात घरांएवढ्या ग्रॅनाइटच्या धोंडी एकमेकींवर पडल्या आहेत. लोक सांगतात की गार्गान्तुआ राक्षसाला इथे कुट्टूची पेज वाढली, तो भडकला आणि त्याने दगड भिरकावले. भूगर्भाचं उत्तर सावकाश आहे. ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. जमिनीखाली पाणी भेगांतून शिरून कडा कुजवतं, त्यांची वाळू होते. पुढे ओढा ती वाळू वाहून नेतो आणि मधले गोलसर गाभे उरतात. त्यांतला एक, सुमारे 137 टन वजनाचा, योग्य जागी पाठ लावून रेटला तर हलतो. जागा सापडायला वेळ लागतो, आणि जोरापेक्षा लय महत्त्वाची. बघ्यांची गर्दी सल्ले द्यायला असतेच.

याच जंगलात काँ द’आर्त्युस नावाची लोहयुगातली तटबंदी आहे. 1938 साली तिथे उत्खनन केलं मॉर्टिमर व्हीलर यांनी. दगड, माती आणि एकमेकींना छेदणाऱ्या आडव्या लाकडी तुळया यांनी सांधलेला गॉलिश पद्धतीचा तट त्यांना मिळाला. हेच व्हीलर 1944 मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, अरिकामेडू आणि हडप्पा इथे खणलं आणि आपल्या पुरातत्त्वज्ञांच्या एका पिढीला थरांनुसार उत्खनन करायला शिकवलं. जंगलातला तट आज पाल्याने झाकलेला उंचवटा आहे. ऑक्टोबर 1987 च्या वादळाने वरची झाडं आडवी केली होती, ती आता पुन्हा वाढली आहेत.

टेकड्यांच्या पोटात यन एलेझ नावाची दलदल आहे. तिथे नरकाचं दार आहे असा समज होता. पिशाच्चाला काळ्या कुत्र्यात उतरवून पाद्री ते कुत्रं या दलदलीत लोटत, असं लोक सांगत. नेमकं याच काठावर फ्रान्सने ब्रेनिलिसची अणुभट्टी बांधली. जड पाण्याचा वापर करणारं हे त्या देशातलं एकमेव वीजकेंद्र. 1967 ते 1985 इतकंच ते चाललं, आणि पाडकाम अजून संपलेलं नाही. जुलै 2022 मध्ये या माळावर वणवा पेटला, सतराशेहून अधिक हेक्टर जळालं. ब्रास्पारच्या टेकडीवरचं सें-मिशेलचं छोटं चॅपेल मात्र वाचलं.

चालणाऱ्यांपेक्षा सायकलवाल्यांची चैन जास्त, आणि त्याचं श्रेय नेपोलियनला. इंग्लिश आरमार ब्रेस्तची नाकेबंदी करायचं, म्हणून समुद्र टाळून नांत ते ब्रेस्त कालवा खणायला 1811 साली सुरुवात झाली. लांबी 360 किलोमीटरहून थोडी जास्त, पाणी चढवायला-उतरवायला दोनशेहून अधिक जलद्वारं. तो पुरा झाला 1842 मध्ये. तोवर नेपोलियन मरून दोन दशकं झाली होती, नाकेबंदी इतिहासजमा झाली होती आणि थोड्याच वर्षांत रेल्वे आली. ग्लोमेलजवळ टेकडी कापून कालवा नेलाय. 1823 ते 1832 ही खोल खंदक-वाट कैद्यांनी हाताने खणली. तिथून सायकल नेताना दोन्ही बाजूंचे उंच, झाडीने भरलेले काठ थंडगार वाटतात, पण ते काठ म्हणजे बेड्या घातलेल्या माणसांनी उपसलेली माती आहे. बोटी ओढणाऱ्या घोड्यांची काठावरची वाट आज सपाट, बिनगाडीची सायकलवाट झाली आहे. जलद्वाररक्षकांची टुमदार घरं, समोर फुलं, आणि दर काही मिनिटांनी एक दार.

मधे गेरलेदांला हा कालवा तुटतो. 1923 ते 1930 मध्ये तिथे वीजनिर्मितीसाठी धरण झालं आणि सतरा जलद्वारं पाण्याखाली गेली. 2015 साली दुरुस्तीसाठी जलाशय पूर्ण रिकामा केला, तेव्हा चिखलातून जलद्वारं, घरांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे वर आले. ते पाहायला लोकांची रीघ लागली.

कार्नाकचे तीन हजार प्रागैतिहासिक उभे दगड मी इथे मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. 2025 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले आणि आता त्यांची जाहिरात करायला कोणी कमी नाही. पूर्वेकडचं एसे गावचं ‘पऱ्यांचं दगडी घर’ अधिक निवांत आहे. चाळीसेक जांभळट शिळांची ही वीसेक मीटर लांबीची मार्गिका. शिळा आणल्या चारेक किलोमीटरवरून, सगळ्यांत मोठीचं वजन चाळीस टनांवर. लग्न ठरलेल्या जोडप्यांनी अमावास्येच्या रात्री उलटसुलट दिशांनी फिरत दगड मोजायचे आणि आकडे जुळले तर संसार सुखाचा, अशी जुनी रीत. दोनची चूक माफ असे.

आता पुन्हा पैशाकडे. 1905 च्या कायद्याने फ्रान्समध्ये चर्च आणि सरकार वेगळं झालं आणि जुन्या चर्च इमारती पुढे गावांच्या मालकीच्या झाल्या. म्हणजे छप्पर गळलं तर चिंता ग्रामपालिकेची. 1998 मध्ये सें-तेगोनेकच्या चर्चला आग लागली, त्यानंतरची दुरुस्ती वर्षानुवर्षं चालली. अशा नावाजलेल्या वास्तूंना सरकारी मदत मिळते, पण शेतांमध्ये विखुरलेल्या शेकडो चॅपेलांचं काय? त्यांच्यासाठी गावोगाव समित्या आहेत, आणि त्यांची कमाई होते ती पार्दोंच्या दिवशी.

पार्दों म्हणजे संताच्या दिवसाची गावजत्रा. सकाळी प्रार्थना, मग भरतकाम केलेली जड निशाणं खांद्यावर घेऊन चॅपेलला प्रदक्षिणा. लोक्रोनांला दर सहा वर्षांनी ही मिरवणूक बारा किलोमीटर शेतांतून, रानातून जाते. दुपारी मंडपात लांब बाकांवर जेवण: लेओंमध्ये मांस आणि भाज्यांच्या रश्श्यात, कापडी पिशवीत घालून उकडलेला कुट्टूचा गोळा. तो फोडून, चुरून, लोण्या-कांद्याच्या आमटीबरोबर वाढतात. संध्याकाळी हातात हात गुंफून गोल धरतात, बाँबार्द हे सनईसारखं वाद्य वाजायला लागतं. हे नाच 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, पण ते शिकायला तिकीट लागत नाही. गोलात घुसायचं आणि शेजारच्याच्या पायांकडे पाहायचं. जेवणाचं कूपन मात्र दारातच घ्यावं, कारण छपराच्या पाट्या त्यातूनच येतात. पोंतिव्हीच्या आसपास असाल तर 1992 पासून दर उन्हाळ्यात तिथल्या चॅपेलांत आजचे चित्रकार-शिल्पकार आपलं काम मांडतात. त्या आठवड्यांत एरवी कुलूपबंद असलेली दारंही उघडी मिळतात.